साडेदहा फुटांवरची रिंग

वेल्डिंग चालू असताना दुकानात आलेल्या माणसानं पाठ फिरवून उभं राहायचं, ठिणगीकडं बघायचं नाही, हे शहागडात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. त्या सकाळी मी उसाच्या ट्रॉलीचा हूक जोडत होतो. एक बाजू पुरी करून तोंडावरची काच वर केली, तर दारात प्रतीक्षा पाठमोरी उभी. माझ्या मित्रानं, उत्तमनं तयार केलेल्या मुलींच्या बास्केटबॉल संघातली ही सगळ्यात जुनी खेळाडू, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. अंगात सरावाचा टी-शर्ट, काखेत बॉल. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक... "काय गं, आज सराव लौकर सुटला?" मी विचारलं. ती वळली आणि तिचं तोंड बघूनच माझा हात थांबला. "काका, उत्तम सर गेले," ती म्हणाली. "पहाटं, झोपेतच. आम्ही सगळ्या मैदानावर वाट बघून राह्यलो होतो, मंग सरांच्या घरून काकूंचा निरोप आला." मी काय करावं? मी काच पुन्हा खाली ओढली आणि हुकाची दुसरी बाजू पुरी केली. काचेमागं माणसाचं तोंड कुणाला दिसत नाही. ती तेवढा वेळ पुन्हा पाठ फिरवून उभी राहिली. मग शटर ओढून मी तिच्याबरोबर चालत निघालो.

याला आता दोन महिने होत आले. पेपरात बातमी आली, फोटो आला, 'ज्येष्ठ बास्केटबॉलपटू आणि प्रशिक्षक' असं छापून आलं. पुरवणीच्या मंडळींनी 'मित्र म्हणून काही लिहा' असा फोन केला तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. माझं आयुष्य गेट, ग्रिल आणि पत्र्याचे शेड करण्यात गेलं. पत्र्यावर मी काढलेल्या रेघा फक्त कापायच्या असतात. पण उत्तमच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या पोटात होती. चाळीसएक वर्षं होती. त्याच्या खेळाचं, त्याच्या नशिबाचं जे काही बरंवाईट झालं, त्याच्या मुळाशी माझ्या हातून झालेली एक चूक होती, आणि ती मी त्याला कधी सांगितली नाही. तो गेल्यापासून मी जेवलो नाही असं म्हटलं तर बायको हा लेख वाचून हसेल. जेवण मी व्यवस्थित करतो. पण घास मध्येच थांबतो. म्हणून लिहायला बसलो.

तो जायच्या चार दिवस आधी आम्ही शेवटचे भेटलो. दुकानात हवा भरायचा कॉम्प्रेसर आहे, त्यामुळं संघाचे बॉल घेऊन तो आठवड्यातून एकदा यायचाच. जाळीच्या पोत्यात सात-आठ बॉल, खांद्यावर टॉवेल, डाव्या गुडघ्याला पट्टा. उलट्या डब्यावर बसायचा आणि एकेक बॉल अंगठ्यानं दाबून बघायचा. त्या दिवशी मी ठरवलंच होतं. मागच्या आठवड्यात माझ्याच छातीत कळ आली होती, पुढं ती नुसती वाताची निघाली. पण तेव्हा वाटलं, की हे सांगून टाकलं पाहिजे. "उत्तम, एक बोलायचं होतं," मी म्हणालो. त्यानं बॉल खाली ठेवला. "बोल की." माझ्याकडं असा बघत बसला, जशी गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला लांबून एसटी दिसावी. आणि मी काय बोललो? "चहा घेतो का?" त्यानं बॉल पुन्हा उचलला आणि हसला. "घेतो ना. बिलकुल घेतो." चहा झाला, बॉल भरून झाले, तो गेला... मी दारात उभा राहून मनात म्हणालो, पुढच्या आठवड्यात.

आता मूळ गोष्ट. माझे वडील, म्हणजे दादा, हायवेच्या कडेला वेल्डिंगचं दुकान चालवायचे. त्यांच्याकडं एक पोलादी टेप होती. एकदा तिच्यावर तापलेली कांब पडली आणि सुरुवातीचे सहा इंच जळून तुटले. दुसरा कुणी असता तर नवी आणली असती. दादा म्हणाले, "अख्खी टेप चांगली हाय. सहा इंचापायी फेकून देऊ का?" मग त्या टेपेवर काम करायची आमच्या दुकानाची रीत पडली. टेप सहापासून सुरू होते, म्हणून हव्या त्या मापात सहा इंच मिळवायचे. दहा फूट पाहिजे असेल तर टेपेवर साडेदहा बघायचं. आणि गडबड नको म्हणून नियम एकच : जो खूण करील त्यानंच सहा धरायचे, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. या टेपेवर अर्ध्या शहागडाच्या खिडक्या-दारं झाली आणि एकाही खिडकीतून तक्रार आली नाही.

मी आणि उत्तम आठवीत असताना शाळेत पी.टी.चे नवे सर आले. कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले. आमच्याकडं तोवर कबड्डी, खो-खो आणि गोदावरीच्या डोहात पोहणं, एवढेच खेळ. सरांनी कुठून तरी एक जुनी रिंग आणि एक बॉल पैदा केला. खांब म्हणून बोअरचा जाड पाइप मिळाला. मागचा बोर्ड एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या फाळक्याच्या फळ्यांचा, त्यावर रंगवलेला अर्धा मोर तसाच राहिलेला. सरांनी मला वर्गात सांगितलं, "वडलांना सांग, रिंग जमिनीपासून दहा फूट." मी मिस्त्रीचा मुलगा, अंगात शहाणपणा मावत नव्हता. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात सहा इंच मिळवून टाकले आणि दादांना म्हणालो, "साडेदहा." खांब रोवला गेला. दादा शिडीवर चढले, मी खाली टेपेचं टोक जमिनीला टेकवून धरलं. वरून दादांनी विचारलं, "साडेदहा ना रे?" मी म्हणालो, "हा." दादांनी नियमाप्रमाणं सहा धरले आणि टेपेवर अकरा बघून रिंग ठोकली. एकाच टेपेचे सहा इंच बापानंही धरले, लेकानंही धरले... आणि शहागडात, बहुधा साऱ्या देशात, साडेदहा फुटांवर एकच रिंग उभी राहिली. बास्केटबॉल गावात कुणी पाहिलाच नव्हता, तर उंच-ठेंगणी कुणाला कळणार? सरांनीही मान वर करून बघितलं आणि टाळी वाजवली.

त्या रिंगनं उत्तमला धरलं ते कायमचं. तो माझ्या बाकावर बसायचा. घर विहाराच्या मागं, आई-वडील दोघं रोजानं कामाला जाणारे, अंगानं हा काडी. शाळा भरायच्या आधी तास-दीड तास एकटाच बॉल मारत राहायचा. आमच्या कुणाचा बॉल तिथवर पोचायचा नाही. पोचला तरी रिंगच्या खालूनच सलाम करून परत यायचा. उत्तमनं मात्र एक युक्ती काढली. बॉल पुढं फेकायचाच नाही, सरळ वर सोडायचा, आभाळात. तो वर जाऊन जरा थांबल्यासारखा व्हायचा आणि मग सरळ खाली रिंगमध्ये उतरायचा. मोराच्या शेपटीला न लागता. बॉल फाटला की हायवेवरचा पंक्चरवाला त्याला ट्यूबचं ठिगळ लावून द्यायचा, त्यामुळं तो एका अंगाला जड झाला होता. उत्तम तो जडपणासुद्धा हिशोबात धरायचा. नववीपर्यंत दहातले आठ आत जायला लागले.

मग औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी आली. सर उत्तमला घेऊन निघाले, त्याची पिशवी धरायला मीही गेल्तो. तिथं सिमेंटचं मैदान, पांढरे बोर्ड, जाळ्या लावलेल्या रिंगा. उत्तमनं पहिला बॉल सोडला तो बोर्डाच्याही वरून पलीकडं गेला. दुसरा बोर्डाच्या कडेला आपटला. तिसरा, चौथा, पाचवा... सगळे लांब. निवड करणारे एकमेकांकडं बघून हसायला लागले. मागं बसलेला एक पोरगा ओरडला, "पतंग उडवून राह्यला का रे?" उत्तमची निवड झाली नाही. परतीच्या एसटीत तो मला म्हणाला, "बबन्या, त्यांची रिंग ठेंगणी हाय रे." पुढच्या सीटवरून सर वळले. "तसं नसतं बाळा. रिंग साऱ्या जगात सारखीच. दहा फूट." आणि 'दहा' हा शब्द कानावर पडल्याबरोबर मी बोटांवर हिशोब करायला लागलो. साऱ्या जगात दहा. मी दादांना काय सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून कोरी टेप मागून आणली आणि मैदानावर कुणी नाही असं बघून खांबावर चढलो. साडेदहा. तीनदा मोजलं तरी साडेदहा. 'मापात पाप' म्हणतात ना, ते मी केलं होतं, आणि तेही फुकटात. सांगावं कुणाला? दादांनी मारलं असतं, ते एक वेळ चाललं असतं. पण उत्तमचं तोंड माझ्यानं बघवलं नसतं. मी गप्प बसलो. दुकानातली ती तुटकी टेप गोदावरीत फेकून द्यावी असं माझ्या मनात पुढं कित्येकदा आलं. एकदा हिय्या करून शोधायला गेलो तर जाग्यावर नव्हती. दादा म्हणाले, "गेली कुठं तरी. जाऊ दे, नवी आणलीय."

पुढच्या वर्षी उत्तम पुन्हा चाचणीला गेला. या वेळी त्यानं आधी कडेच्या रिंगवर वीस-पंचवीस बॉल मारून हात बसवला आणि मग रांगेत उभा राहिला. निवड झाली. गावात पेढे वाटले गेले. पण मधलं एक वर्ष गेलं ते गेलंच. आदल्या वर्षी निवडलेली मुलं राज्याच्या ज्युनिअर संघात खेळली. उत्तमची पाळी आली तोवर त्याचं वय निघून गेलं होतं, थोडक्या महिन्यांनी. तो स्वतः हे कधी रडून सांगायचा नाही. पण मला प्रत्येक वेळी ते महिने मोजता यायचे.

बाकी त्याचं चांगलंच झालं म्हणायचं. एका सरकारी खात्यानं त्याला खेळाडू म्हणून नोकरीत घेतलं. खेळायचा पगार मिळतो हे त्याच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही, "हापिसात कामबी करतो ना रे?" असं ती दर सुट्टीत विचारायची. अकरा वर्षं तो त्या खात्याकडून खेळला, राज्याची जर्सीही घातली. उंची बेताची, पण लांबून असा उंच बॉल सोडायचा की अडवणाऱ्याचा हात कितीही वर गेला तरी खालीच राहायचा. एकदा देशाच्या शिबिरात निवडला गेला आणि अगदी शेवटच्या गाळणीत परत आला. परतल्यावर कुणी तरी म्हणालं, "ज्युनिअर खेळलेला असता तर ठेवला असता." माझं तेव्हाच लग्न ठरलं होतं आणि मी आठवडाभर असा उतरलेल्या तोंडानं फिरत होतो की सासरच्यांना शंका यायला लागली.

कुठंही सामन्याला गेला की तिथून मला कार्ड टाकायचा. कटक, लुधियाना, कोट्टायम... मजकूर दोन ओळींचा. 'बबन्या, इथं भात फार. रिंग इथंबी बराबर दहा फूट.' किंवा 'थंडी हाय. रिंग दहाच.' प्रत्येक कार्डात रिंगची उंची असायचीच. मला वाटायचं, त्या पहिल्या चाचणीतल्या 'ठेंगण्या' रिंगवरची ही त्याची जुनी गंमत. तरी कार्ड वाचताना कानाची पाळी गरम व्हायची. ती सगळी कार्डं मी बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहेत.

मग गुडघा गेला. दोनदा ऑपरेशन झालं. खात्यानं त्याला संघाचा सहायक प्रशिक्षक केलं, ते कामही त्यानं बरीच वर्षं केलं, आणि एक दिवस मुदतीआधी निवृत्ती घेऊन वहिनींना घेऊन तो शहागडला परत आला. संघमित्रा वहिनी शिक्षिका. त्यांनी बदली मागून घेतली. मी विचारलं, "तिकडं इतकं चांगलं चाललं होतं, इकडं काय करणार?" म्हणाला, "पोरींचा संघ करणार." मी हसलो. गावही हसलं. पहिल्या महिन्यात चार मुली आल्या, त्यातल्या दोन ओढणी सावरत धावायच्या. तो कुणाच्या घरी समजावायला गेला नाही. उलट पालकांनाच मैदानावर बोलवायचा, हातात बॉल द्यायचा आणि म्हणायचा, "एक टाकून दाखवा, मंग पोरीला घरी घेऊन जा." धाब्याचे मालक, ट्रकचे ड्रायव्हर, शेतकरी, सगळे दंड थोपटून यायचे, बॉल खालूनच परत यायचा. मग त्यांच्या देखत त्यांच्याच मुलीनं बॉल आत टाकला की बाप घाम पुसत म्हणायचा, "कधी सोडायला येऊ हिला?" असा संघ वाढला. आता घनसावंगीहून जीपनं मुली येतात.

त्याला सामन्याच्या मापाची रिंग हवी होती, आणि ती बसवायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. खरं सांगतो, आयुष्यात इतक्या काळजीनं मी काही मोजलं नसेल. कोऱ्या टेपेनं मोजलं. दोरी सोडून मोजलं. खाली उतरून पुन्हा चढून मोजलं. उत्तम खाली हाताची घडी घालून उभा. सातव्या खेपेला म्हणाला, "बबन्या, रिंग बसवून राह्यलाय का पोरीचं लगीन जमवून राह्यलाय?" मी म्हणालो, "माप बराबर पाहिजे." "हा," तो म्हणाला, "माप तर बराबरच पाहिजे," आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलताना मला दिसले. मला वाटलं, खोकला आला असेल.

नवी रिंग लागल्यावर मी लगेच म्हणालो, "आता तो जुना खांब कापून टाकतो. गंजलाय." तो म्हणाला, "हात लावायचा न्हाई." दोन वर्षांनी मी पुन्हा विषय काढला, पावसात पडेल म्हणालो. त्यानं बुंध्याला सिमेंट घालून घेतलं. माझी चूक मैदानाच्या कडेला राजरोस उभी होती आणि मला रोज दुकानातून दिसत होती. उत्तमनं तर तिचीच पद्धत करून टाकली. सकाळी आलं की प्रत्येक मुलीनं आधी जुन्या उंच रिंगवर शंभर बॉल मारायचे, मग नव्या रिंगवर यायचं. "उंचावर हात बसला की खालचं सोपं जातं," एवढंच सांगायचा. कधी ओरडायचा नाही. मुलगी चुकली की टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचा. टॉवेल हलला की मुली सावध व्हायच्या.

गेल्या थंडीत जालन्याला जिल्ह्याची अंतिम मॅच झाली, ती मी बघायला गेल्तो. समोरचा संघ मोठ्या शाळेचा, प्रत्येकीच्या पायात महागडे बूट. आमच्या मुली एका गुणानं मागं, काही सेकंद उरलेले, आणि प्रतीक्षाला दोन फ्री थ्रो मिळाले. तिनं पहिला बॉल सोडला तसा तो आभाळात गेला. समोरच्या शाळेची पोरं ओरडली, "कबुतर, कबुतर!" कबुतर वर थांबलं आणि सरळ जाळीत उतरलं. बरोबरी. दुसऱ्या वेळी कुणी ओरडलं नाही. मी उत्तमकडं बघितलं तर त्यानं टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला होता आणि माझा दंड घट्ट धरला होता. बॉल आत पडल्याचा आवाज ऐकूनच त्यानं टॉवेल काढला. "बघितलं का रे?" मला म्हणाला, "माझाच शॉट हाय." तिथंसुद्धा मी सांगू शकलो असतो. मुली नाचत होत्या, तो हसत होता, याहून चांगला मुहूर्त कुठला? पण मी नुसत्या टाळ्या वाजवल्या.

तो गेल्यावर आठव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण बोलायला उठला. खात्यातले जुने खेळाडू आले होते, सहा-सहा फुटांची माणसं मांडी घालून बसलेली. माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि ठरवलं, ज्याला सांगायचं तो नाही, निदान त्याच्या माणसांना तरी सांगू. म्हणालो, "आमच्या मैदानावर जी जुनी रिंग हाय, ती दहा फुटांवर न्हाई. साडेदहावर हाय. आणि त्याला कारण मी..." तेवढ्यात मुलींच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "दोघांनीबी सहा-सहा धरले." दुसरी खुदकन हसली. तिसरीनं तोंडात ओढणी कोंबली. मग साऱ्या रांगेलाच हसू आवरेना; रडून सुजलेले डोळे आणि वरून हसू. मी भाषण मध्येच सोडून उभा. वहिनीही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर वहिनींनी प्रतीक्षाला संघाच्या साहित्याच्या खोलीत पाठवलं. ती टेप घेऊन आली. दादांची. जळकं टोक, सहापासून सुरू होणारी. मी ती हातात घेऊन जळक्या टोकावरून अंगठा फिरवला. वहिनी सांगत होत्या, "वसतिगृहातून पहिल्या सुट्टीला आल्ते तव्हाच त्यांनी रिंग मोजली. मंग दादांकडं गेले. दादा म्हणाले, 'बबन्या साडेदहा म्हणाला.' हे म्हणाले, 'सरांनी तर दहा सांगितलं होतं.' दोघंबी हसत बसले म्हणे. दादांनीच टेप दिली. म्हणाले, 'घेऊन जा, न्हाई तर ते पोरगं नदीत फेकंल.'" मी विचारलं, "मग मला का न्हाई बोलला? चाळीस वर्षं?" वहिनी म्हणाल्या, "म्हणायचे, बबन्या एक दिवस सांगणार हाय. तव्हा मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करणार. तेवढी मजा राहू द्या माझी. आरशासमोर तोंड करून बघायचे भावजी, भुवया वर, हात गालावर, 'काय सांगतो!' पोरींनाबी दाखवायचे. दर जूनला नव्या पोरींचा वर केलेला हात ह्याच टेपेनं मोजायचे आणि सगळी गोष्ट सांगायचे. आणि शपथ घालायचे, काकांना कळू द्यायचं न्हाई." मी ज्युनिअर संघाचं विचारलं. वहिनींनी खोटं सांगितलं नाही. "त्याचं वाईट वाटायचं त्यांना. न्हाई कशाला म्हणू? पण म्हणायचे, माझा शॉट त्याच सहा इंचाचा हाय, तो कुणी दिला असता?" दुकानात तो बॉल खाली ठेवून माझ्याकडं बघत बसला होता, ते मला आठवलं... भुवया वर करायची सगळी तयारी झाली होती त्याची, आणि मी चहा विचारला.

दहा-बारा दिवसांपूर्वी शाळा उघडली. प्रतीक्षा कॉलेजात जाईपर्यंत सराव घेते आहे. तिनं दुकानात येऊन सांगितलं, "काका, नव्या पोरी आल्यात. मोजायला तुम्हीच या." सात मुली जुन्या खांबापाशी रांगेत उभ्या होत्या. पहिलीनं खांबाला पाठ लावून हात सरळ वर केला, एकीनं टेपेचं टोक जमिनीला धरलं, मी स्टुलावर चढून आकडा वाचला, "सहा-आठ." मागून जुन्या मुली एका सुरात म्हणाल्या, "सहा-दोन!" नवी बिचारी गोंधळली. "काका, ही टेप तुटकी हाय. नवी का न्हाई घेत?" मी म्हणालो, "अख्खी टेप चांगली हाय. सहा इंचापायी फेकून देऊ का?" मग स्टुलावरून उतरलो, साऱ्यांना खांबाच्या सावलीत बसवलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागलो. दादांचं दुकान, जळकी टेप, पी.टी.चे सर, माझं शहाणपण, औरंगाबादची चाचणी, सगळं. पहिल्यांदाच उघड्या तोंडानं सांगत होतो. "आणि मंग मी दादांना म्हणालो, साडेदहा," असं म्हणून मान वर केली, तर नव्या मुली नुसत्या बघत होत्या. पण त्यांच्या मागं बसलेल्या जुन्या सगळ्याजणी, प्रतीक्षासकट, भुवया वर करून, हात गालावर ठेवून माझ्याकडं बघत होत्या. "काय सांगता, काका!"